मेंढा (लेखा): जंगल राखून पोट भरणारे गाव

पाडव्याच्या श्रीखंडावर चारोळी नसेल तर आपल्याकडे कुणीतरी हमखास विचारतेच. हैदराबादेत ती बेगम बाजारात ‘सारपप्पु’ म्हणून मिळते, आणि दरवर्षी भाव ऐकून आपण ठरवले होते त्यापेक्षा थोडी कमीच घेतो. गेल्या पाडव्याला मंडळात जेवणे उरकल्यावर एका सभासदांच्या शाळकरी नातीने आम्हाला विचारले, “चारोळीचे शेत कुठे असते?” आम्ही चार-पाच जण तिथे बसलो होतो, सगळे पन्नाशी ओलांडलेले, आणि एकालाही लगेच उत्तर देता आले नाही. शेवटी ज्यांचे बालपण राजुऱ्यात गेले ते काका म्हणाले, “अगं, शेत नसते तिचे. जंगलातून येते. चार नावाचे झाड असते.” त्या दिवशी सुरू झालेले बोलणे पुढे बरेच लांबले. हा लेख त्यातूनच निघाला.

चारचे झाड मध्यम उंचीचे असते. उन्हाळ्यात त्याची बारीक फळे पिकून काळपट होतात. वरचा गर मुले चघळतात, आत टणक बी असते, आणि ती फोडली की आपली चारोळी. जंगलाकाठच्या घरांना हातात रोख पैसा देणाऱ्या ज्या काही वस्तू आहेत त्यांत हिचा नंबर वरचा. पण जंगलातले चारचे झाड कुणाच्या नावावर नसते. मी फळ पिकेपर्यंत थांबलो तर दुसरा कुणी आधी तोडून नेईल, ही धास्ती प्रत्येकाला असते. म्हणून सगळेच कच्चे फळ तोडतात. घाई आणखी वाढली की वर चढायच्या ऐवजी फांदीच खाली घेतात. कच्च्या फळातली बी हलकी निघते, व्यापारी भाव पाडतो, आणि फांदी गेली म्हणजे पुढच्या सालचे फळही गेले. यात कुणी दुष्ट नाही की कुणी अडाणी नाही. प्रत्येक जण आपापल्या घरापुरता शहाणपणानेच वागतो, आणि झाडांचा मात्र नाश होतो.

मग “अमुक तारखेआधी कुणी हात लावायचा नाही” असे म्हणणार कोण? एका माणसाने म्हटले तर त्याचे ऐकतो कोण? वनखात्याचा एक रक्षक किती हजार झाडांखाली उभा राहणार? जंगल वाचवायचे की माणसांचे पोट भरायचे, असा वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आम्हाला वाटते, खरा प्रश्न त्या तारखेचा आहे. ती ठरवायचा अधिकार कुणाचा, आणि ठरल्यावर ती पाळली का जाते? या प्रश्नाला ज्या गावाने फार विचारपूर्वक उत्तर दिले ते आपल्यापासून फारसे लांब नाही.

तेलंगणा एक्स्प्रेसने नागपूरला जाताना काझीपेठ मागे पडले की रामगुंडम येते, मग गोदावरीचा पूल, मंचेरियाल, सिरपूर कागजनगर, आणि वर्धा नदी ओलांडली की बल्लारशा. आपल्यापैकी बहुतेक जण हा टप्पा डुलक्या घेत काढतात. पण या वाटेवर खिडकीच्या उजव्या बाजूला, प्राणहितेपलीकडे, जो भाग सुरू होतो तो गडचिरोली जिल्हा. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश जंगलाने झाकलेला. त्याच्या धानोरा तालुक्यात, गडचिरोली गावापासून तीसेक किलोमीटरवर मेंढा आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावासह त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. सुमारे शंभर घरांची गोंडांची वस्ती, गावाजवळून वाहणारी कठाणी नदी, आणि गावाला लागून सुमारे १,८०० हेक्टर जंगल. आपल्या भाषेत साडेचार हजार एकरांच्या आसपास. या जंगलात सागवान आहे, मोह, टेंभूर, हिरडा, चार आहेत, आणि मुख्य म्हणजे बांबू आहे.

या कहाणीची सुरुवात आपल्या गोदावरीपासून होते, हे आम्हालाही आधी ठाऊक नव्हते. गोदावरीवर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधायची योजना होती. त्यात आदिवासींची गावे आणि घनदाट जंगल पाण्याखाली जाणार होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाबा आमटे आणि आदिवासी नेत्यांनी त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे केले. धरणे मागे पडली, पण त्या निमित्ताने गावोगावचे लोक एकत्र बसू लागले, आणि मेंढ्यातही विचार सुरू झाला की एक धरण टळले खरे, पण रोजच्या जगण्यात या जंगलावर आपला हक्क तो काय? मालगुजारी-जमीनदारीच्या काळात निस्ताराचे, म्हणजे सरपण, बांबू, चराई, घराला लाकूड असे घरगुती वापराचे हक्क नोंदलेले असत. पुढे जंगल सरकारी झाले आणि त्याच गोष्टी चोरून किंवा चिरीमिरी देऊन कराव्या लागू लागल्या. जे जंगल आपले नाही तिथे चोरून शिरणारा माणूस ते राखत नाही; हाताला लागेल ते घेऊन घाईने बाहेर पडतो. चारच्या झाडाखाली जे होते तेच इथेही.

त्याच सुमारास चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाशजींच्या संपूर्ण क्रांतीच्या आंदोलनातून घडलेला हा कार्यकर्ता सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारे गाव शोधत होता. गावातले देवाजी तोफा आणि ते यांची जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. २०२५ च्या जानेवारीत मोहनभाऊ गेले. त्यांनी गावाचे पुढारीपण कधी घेतले नाही, हे आम्हाला या साऱ्यात सर्वांत विशेष वाटते. “आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा गावाची आहे, आणि तिच्या पहिल्या अर्ध्या भागात दिल्ली-मुंबईतले सरकारही आमचेच, असे म्हटलेले आहे. पुष्कळ जण तो अर्धा भाग विसरतात आणि या गावाला सरकारविरोधी ठरवतात.

सुरुवातीच्या प्रसंगांपैकी घोटुलाचा प्रसंग ध्यानात राहण्यासारखा आहे. घोटुल म्हणजे गोंडांचे सामूहिक घर; तरुण मुलामुलींचे, नाचगाण्याचे, शिकण्याचे ठिकाण. मेंढ्यातले जुने घोटुल नाहीसे झाले होते. गावाने जंगलातले लाकूड आणून नवे बांधले, तेव्हा परवानगीविना सागवान तोडले म्हणून वनखात्याने ते उतरवले. गावाने ते पुन्हा उभारले, आणि आजूबाजूची गावेही या प्रश्नावर सोबत उभी राहिली. लाकूड किती, याला महत्त्व नव्हते. आपल्या रूढीप्रमाणे घर बांधायला आपल्याच जंगलातला खांब आणता येतो की नाही, हा तो वाद होता.

बहुमत का नाही

मेंढ्याच्या कारभारात दोन गोष्टी आहेत, आणि त्या आपल्यासारख्या मंडळ चालवणाऱ्यांनी जरा थांबून पाहाव्यात अशा आहेत.

पहिली, अभ्यास गट. कुठलाही प्रश्न आला की त्यात रस असलेले लोक एकत्र बसतात, माहिती काढतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, वाद घालतात. यात कुणीही बसू शकतो, पाहुणासुद्धा. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय फक्त ग्रामसभा घेते, आणि तिथे प्रत्येक घरातून निदान एक पुरुष आणि एक बाई यावी अशी अपेक्षा असते. चर्चा करणारी जागा आणि ठरवणारी जागा वेगळ्या ठेवल्यामुळे चर्चेत कुणाला जिंकायचे नसते. (आमच्या कार्यकारिणीच्या बैठका आठवून आम्ही हे वाक्य दोनदा वाचले.)

दुसरी, सर्वसहमती. ग्रामसभेत मतदान होत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा भाबडेपणा वाटतो. आम्हालाही वाटला होता. पण जंगलाचा विचार केला की त्यातला व्यवहार कळतो. समजा, शंभरातल्या सत्तर घरांनी ठरवले की मोहाच्या झाडाखाली आग लावायची नाही, आणि तीस घरांचा विरोध हरला. त्या तिसांपैकी एकाने एप्रिलच्या दुपारी एक काडी ओढली की सत्तर घरांचा ठराव संपला. जंगलात अल्पमताला मतपेटीत हरवून काही मिळत नाही, कारण नियम मोडायला एकच माणूस पुरतो. म्हणून ज्याला नियम पटलेला नाही त्याच्याशी आधीच बोलून घेणे स्वस्त पडते. दारूबंदीचा निर्णय याच पद्धतीने झाला आणि तो काही एका बैठकीत झाला नाही. बायकांनी तो विषय धरून ठेवला, देवाला लागणाऱ्या दारूचे काय, यावर बराच काथ्याकूट झाला, आणि सगळ्यांचे पटेपर्यंत गाव थांबले.

मधाचा विषयही अभ्यास गटातूनच आला. आग्या मोहोळ काढायची जुनी रीत म्हणजे रात्री पेटता चूड घेऊन चढायचे, माश्या जाळायच्या आणि सगळे पोळे खाली आणायचे. मध मिळतो, पण वसाहत मरते, चुडाची ठिणगी पडून वणवाही लागतो. वर्ध्याच्या विज्ञान केंद्रातल्या जाणकारांकडून लोक दुसरी पद्धत शिकले. अंगभर संरक्षक पोशाख घालायचा, आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा. अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या पुन्हा मध भरतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. माश्या वाचल्या की परागीभवन होते, म्हणजे मोह, चार, हिरडा यांची फळधारणाही होते. मधाचे पैसे आणि झाडांची फळे असे दोन्हीकडून गावाच्या पदरात पडते.

बांबू हे गवत की झाड?

आता बांबूकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे झाली.

गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः मानवेल जातीचा बांबू असतो. त्याचे बेट असते. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी आवडीने खातात. कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो, पण तो कोवळा असतो. कापण्याजोगा कठीण व्हायला तीनेक वर्षे लागतात. म्हणून नीट तोडणी म्हणजे पावसाळ्यात बेटाला हात न लावणे, नव्या काठ्या सोडणे, जुन्यांतल्याही काही आधाराला ठेवणे, आणि बेटात दाटी झाली असेल तिथून पक्व काठ्या जमिनीजवळच्या पेरावर कापणे. असे केले तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. उलट ठेकेदाराच्या माणसांनी बाहेरून हाताला येईल ते सपासप कापले की नवे कोंब मोडतात आणि बेट आतून गुदमरते. बांबूचा शहाणा वापर ही बांबूची निगाच असते, आणि म्हणूनच ‘वापर’ व ‘संरक्षण’ हे शब्द इथे एकमेकांविरुद्ध उभे राहत नाहीत.

पण हा बांबू जात कुठे होता? कागदगिरण्यांकडे, सरकारने दिलेल्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर. या व्यवहारांचे स्वरूप समजण्यासाठी कर्नाटकातले एक उदाहरण पुरे आहे. तिथल्या कागद उद्योगाला बांबू टनाला दीड रुपया अशा दराने मिळत होता आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडांना तोच बाजारात टनाला सुमारे दीड हजार रुपयांना घ्यावा लागत होता, असे माधव गाडगीळ यांनी नोंदवले आहे. आपल्या लहानपणीच्या शाळेच्या वह्या कुठल्या कागदाच्या होत्या कोण जाणे. कागजनगरच्या गिरणीचा कागद या शहरात सर्रास वापरला जाई, एवढे जुन्या लोकांना आठवते.

मेंढ्याने आधी चालू चौकटीत काम केले. १९९० च्या दशकात राज्यात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली. ती मुळात उजाड झालेल्या वनांसाठी होती. लोकांनी ओसाड जमिनीवर झाडे वाढवावीत आणि वाटा घ्यावा, अशी. मेंढ्याचे जंगल तर उभे होते. ज्यांनी जंगल राखले त्यांना योजना नाही आणि ज्यांचे गेले त्यांना आहे, हा कसला न्याय, असे गावाने विचारले आणि पिच्छा पुरवून आपल्या उभ्या जंगलाचा योजनेत समावेश करून घेतला. लोक पाळीपाळीने गस्त घालू लागले.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. या कायद्याबद्दल बोलताना बहुधा आदिवासींच्या शेतजमिनीच्या पट्ट्यांचाच उल्लेख होतो. पण त्यात दुसरा एक हक्क आहे, आणि आमच्या मते तो जास्त दूरगामी आहे. गाव जे जंगल परंपरेने वापरत आणि राखत आले आहे, त्याचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क. जमीन सरकारचीच राहते, ती विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. पण तिथे काय तोडायचे, केव्हा, किती आणि कुणी, हे ग्रामसभा ठरवते. इथे ग्रामसभा म्हणजे चार-पाच गावांची मिळून असलेली ग्रामपंचायत नव्हे. त्या एका गावातले, पाड्यातले सगळे प्रौढ स्त्रीपुरुष म्हणजे ग्रामसभा. दावा करण्यासाठी गाव आपल्यातूनच वनहक्क समिती निवडते, सीमांचा नकाशा करते, जुन्या नोंदी आणि म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करते. दावा उपविभागाच्या समितीकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. मेंढ्याकडे वीस वर्षांचे अभ्यास गट होते, त्यामुळे नकाशे आणि कागद तयार करायला त्याला उधारीचा वकील लागला नाही. २००९ साली असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आणि शेजारचे मर्दा ही गावे होती.

हक्क मिळाला. गावाने बांबू तोडला. आणि तो गावाबाहेर नेता येईना! कारण वनोपज रस्त्यावरून न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणे वनखात्याच्या हाती. खात्याचे म्हणणे असे, की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या तेव्हाच्या व्याख्येत बांबूही येत होता. म्हणून बांबू म्हणजे इमारती लाकूड. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे. आणि २००६ च्या कायद्याने तर बांबूचे नाव घेऊन त्याला गौण वनोपज म्हटले आहे, ज्याची मालकी गावाची. एका बाजूला ब्रिटिशांचा कायदा, दुसऱ्या बाजूला संसदेचा नवा कायदा, आणि मध्ये तोडलेल्या बांबूच्या मोळ्या. २०११ च्या मार्चमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिले की बांबू गौण वनोपज समजावा. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफांच्या हाती दिले. जो शिक्का मारायला इतकी वर्षे दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे, तो आता गावाच्या पेटीत होता. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार सगळ्याच ग्रामसभांसाठी स्पष्ट केला.

पहिल्याच मोसमात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. शंभर घरांच्या गावाला हा आकडा केवढा, ते सांगायला नको. पण पैसा कसा हाताळला हे अधिक महत्त्वाचे. तोडणीची मजुरी गावातल्यांनाच मिळाली आणि ती आधीच्यापेक्षा चांगली होती. उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात, पावतीनिशी. मजुरीतला ठरावीक वाटा प्रत्येक जण ग्रामकोषात घालतो, आणि त्यातून अडल्यानडल्याला कर्ज मिळते. सावकाराकडे जावे लागत नाही. रोजगार हमीची कामे ग्रामसभेने स्वतः घेतली, ती जंगलातल्या माती-पाण्याच्या कामांसाठी. २०१३ साली गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि ग्रामदान कायद्याखाली आपापल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे द्यायचे ठरवले; कसणारा तोच, पण जमीन गावाबाहेरच्याला विकली जाणार नाही. विनोबांची कल्पना एकविसाव्या शतकात कुणी आपखुशीने स्वीकारेल, असे आम्हाला वाटले नव्हते.

पाचगावने तेंदू का सोडला

मेंढ्याची नक्कल करून चालत नाही, हे पाचगाववरून कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले हे छोटे गाव. २०१२ साली त्याला सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचे पैसे तिथेही येऊ लागले, आणि मजुरीसाठी परगावी जाणाऱ्यांना गावात काम मिळू लागले. पण पाचगावने एक निर्णय असा घेतला जो ऐकून कुणाही हिशेबी माणसाचा हात कपाळाला जाईल. त्यांनी तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले.

तेंदू, म्हणजे टेंभुर्णीचे पान, तेलुगूत तुनिकाकु. आपल्या निजामाबाद, करीमनगर भागात घरोघरी बायका ज्या विड्या वळतात त्यांचे पान याच जंगलांतून येते. विदर्भात उन्हाळ्यातले दोन-तीन आठवडे पहाटे उठून सगळे घर पाने तोडते, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देते. हजार पुड्यांची एक गोणी धरतात. अनेक घरांचे वर्षातले सर्वांत मोठे रोख उत्पन्न हेच असते. मग ते सोडायचे कशाला? पाचगावच्या लोकांचे कारण असे, की चांगली कोवळी पाने यावीत म्हणून आधी झुडपे छाटतात, कित्येकदा आगही लावतात. त्यामुळे टेंभराचे झाड मोठे होत नाही, फळ धरत नाही, आणि आगीत बाकीची रोपेही जातात. आता तिथे टेंभरे पिकतात, माणसे खातात, पाखरे खातात. जंगलाचा एक तुकडा त्यांनी देवाच्या नावाने पूर्ण सोडून दिला आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही. बांबूचा आधार होता म्हणून पाचगावला हे परवडले, हेही सांगितले पाहिजे. ज्या गावात बांबू नाही त्याला तेंदू सोड म्हणणे सोपे नाही, आणि आपण हैदराबादेत बसून ते म्हणूही नये.

मोहाचेही असेच. तेलुगूत ज्याला इप्प म्हणतात तो मोह मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गाळतो. पाचोळ्यात पडलेली फुले दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. मध्य भारतातल्या उन्हाळी वणव्यांचे हे एक मोठे कारण आहे. उपाय साधा आहे: पाचोळा झाडून घ्यायचा किंवा झाडाखाली जाळी पसरायची. पण जाळी कोण घेणार, आणि झाड कुणाचे हे ठरलेले नसेल तर कोण पसरणार? म्हणजे पुन्हा ग्रामसभेत बसावे लागते.

आपल्या बाजूला काय?

हैदराबादच्या मराठी घरांना हे सर्व परके नाही. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आमच्यातल्या काहींच्या आजोबांच्या नोकऱ्या त्या भागात झाल्या. त्याच आदिलाबादेत निजामाच्या वनखात्याविरुद्ध कुमरम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. मुलांना तो सिनेमामुळे माहीत असतो, पण त्याची मागणी काय होती ते सिनेमात कळत नाही. जंगल ‘राखीव’ करण्याच्या नावाखाली गोंडांना त्यांच्या शेतांतून आणि गुरचराईतून हुसकले जात होते, आणि भीम पाणी, जंगल आणि जमीन यांवरचा हक्क मागत होता. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना तिथे धाडले, ते मार्लवाई गावात राहिले, आणि त्यांच्या शिफारशीने हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

आजही तेलंगणात भर आहे तो वैयक्तिक पट्ट्यांवर. जून २०२३ मध्ये चार लाख एकरांहून अधिक पोडू जमिनीचे पट्टे वाटण्यास आसिफाबादपासूनच सुरुवात झाली. ज्याला पट्टा मिळाला त्याच्या घरचे हाल कमी झाले, हे खरेच. पण पट्टा शेताचा असतो. शेताच्या बांधापलीकडे उभे असलेले जंगल त्याने कुणाच्याच जबाबदारीत येत नाही. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत. एकच नदी, दोन्ही काठांवर गोंडच, आणि कायदाही तोच.

पलीकडच्या काठावर सगळे छान आहे असे मात्र कुणी समजू नये. हक्काचा कागद मिळालेल्या अनेक गावांत अभ्यास गट नाही, हिशेब ठेवणारे माणूस नाही, आणि तेंदूचा लिलाव घेतलेला कंत्राटदार शेवटचे हप्ते बुडवून गेल्याच्या तक्रारी वारंवार होतात. मानवेलाच्या बांबूला काही दशकांतून एकदा एकदम फुलोरा येतो आणि अख्खी बेटे वाळून जातात. नवे रोप तोडणीयोग्य होईपर्यंत गावाने काय खायचे? म्हणूनच एकट्या बांबूवर विसंबणे धोक्याचे आहे. वाघ वाढले आहेत, २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्तीही आले आहेत, आणि मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. ज्या घरातली बाई पहाटे मोह वेचायला गेली आणि परत आली नाही, त्या घराला जंगल राखा असे सांगायला तोंड लागते. शिवाय त्याच जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि खाणीला ग्रामसभेची संमती कशी व केव्हा घेतली गेली, यावरून वाद चालू आहेत. मेंढ्यातली शिकलेली मुलेही बाहेर पडतात. ती ग्रामसभेत येऊन बसतील का, हा प्रश्न देवाजींच्या पिढीपुढे आहेच.

त्या नातीला आम्ही अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. तिला मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक द्यायचे ठरले आहे. ते तिला आता जड जाईल, पण तिच्या आईला नाही. मंडळातल्या काही जणांना प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची इच्छा आहे. जायचे तर बल्लारशा किंवा चंद्रपूरला उतरून गडचिरोली, तिथून धानोरा रस्ता. आधी ग्रामसभेला कळवून आणि त्यांना सोयीचा दिवस विचारूनच निघायचे, कारण ते सहलीचे ठिकाण नाही. लोकांची कामे असतात. तेंदूच्या आणि मोहाच्या दिवसांत तर मुळीच नको. पावसाळा संपून बांबूची तोडणी सुरू होते तेव्हा, दिवाळीनंतर, गेलेले बरे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्यावीत. मुलांना जरूर आणा. चारची फळे मात्र तेव्हा दिसणार नाहीत, फक्त झाड दिसेल.